परतीची वाट

मित्रांनो, आज आधी एक कोडं. एक जुनी मोटार आहे. तिची बॅटरी नवी आहे, दिवे लख्ख लागतात, हॉर्न मोठ्यानं वाजतो. तिच्यात बसवलेलं इंजिन दुसऱ्या गाडीतून काढलेलं असलं, तरी तिथे ते छान चालत होतं. पण स्टार्टर मारला की नुसता ‘कट्’ असा आवाज होतो आणि सगळं गप्प! सांगा बरं, बिघाड कुठे असेल? आणि हो, उत्तरासाठी लगेच खाली उडी मारायची नाही हं!

हे कोडं मला खामगावात भेटलं. माझ्या मामांकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. तुमच्या आजोबांना विचाराल तर ते तिला ‘फियाट’च म्हणतील, कारण मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती किती वर्षं धावली! अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मामांच्या गाडीचं इंजिन थकलं, म्हणून त्यांनी तशाच दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवायला दिलं. (इंजिन बदललं की त्याचा नंबर आरटीओच्या नोंदीत बदलून घ्यावा लागतो, बरं का! मामांनी ते कागद आधीच तयार ठेवले होते.) आजीला त्याच गाडीतून शेगावला न्यायचं ठरलं होतं. आजी तयार, पिशवी तयार, दशम्या तयार. गाडी मात्र तयार नाही!

मी गॅरेजवर गेलो तेव्हा मिस्त्री घामाघूम झाले होते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडली तरच पेट्रोल पेटतं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात आणि तिथून हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात. डिस्ट्रिब्युटर ते एकेका स्पार्क प्लगला वाटून देतो, तेही ठरलेल्या क्रमानं : १, ३, ४, २. मिस्त्रींनी हा क्रम तपासला. तो बरोबर होता. कंडेन्सर बदलला, नवे प्लग घातले, नवी कॉइलही बसवली. हातानं पॉइंट उघडला की ठिणगी पडायची. स्टार्टर मारला की ठिणगीही नाही आणि इंजिनही फिरत नाही. मग त्यांनी टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायर जोडलेला छोटा बल्ब घेतला. एक वायर बॅटरीच्या धन टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. बल्ब लागला!

“करंट तं बराबर आहे बाप्पा!” मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले.

तिथे आयटीआयला जाणारा एक मुलगा काम शिकायला येत असे. तो मघापासून काहीतरी बोलायला बघत होता आणि गप्प बसत होता. शेवटी हळूच म्हणाला, “मिस्त्री, चोकची तार गरम काहून होऊन रायली?”

मित्रांनो, कोड्याचं उत्तर या एका प्रश्नात आहे. वीज बॅटरीच्या एका टोकातून निघते आणि काम करून दुसऱ्या टोकाला परत येते. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. मोटारीत परतीसाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी वायर नसते. गाडीची लोखंडी बॉडीच ती वाट असते. पण इंजिन हादरतं, म्हणून ते रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं. आणि रबरातून वीज जात नाही! म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची जाड पट्टी लावतात. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात.

ही पट्टीच लावायची राहिली होती! मग बिचारी वीज परतणार कुठून? तिला सापडली चोकची बारीक तार. टेस्ट लॅम्पच्या बल्बला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. तेवढी वीज त्या पाऊलवाटेनं सहज गेली. पण स्टार्टरला शंभराहून जास्त अँपियर लागतात! पाऊलवाटेवरून अख्खी जत्रा निघाल्यावर काय होणार? तार तापली आणि स्टार्टर अडला. दिवे आणि हॉर्न मात्र बॉडीलाच जोडलेले, म्हणून त्यांचं सगळं ठीक चाललं होतं.

मिस्त्रींनी मीटर आणलं. त्याचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं इंजिनला लावलं आणि स्टार्टर मारायला सांगितलं. वाट चांगली असती तर काटा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहिला असता. तो आठच्या वर गेला!

पट्टी कुठे होती? कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनलाच लटकलेली. ते इंजिन त्या मुलानंच सोडवलं होतं. बॉडीकडचा बोल्ट त्यानं काढला आणि पुढे विसरून गेला. मान खाली घालून म्हणाला, “मले सकाळपासूनच शंका होती. पण माह्यीच चूक असंन, म्हणून बोललो नाही.”

मिस्त्री क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सकाळीच बोलला असता तं कॉइल वाचली असती. पण म्या तरी कुठं पाह्यलं? जाय, पट्टी आन.” पट्टी बसली, स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! नव्या कॉइलचे पैसे मिस्त्रींनी मामांकडून घेतले नाहीत. संध्याकाळी आजी शेगावला पोहोचली. खिडकीची जागा तिचीच होती, हे सांगायला नकोच.

आता तुम्ही एक करून पाहा. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन वायर घ्या. बल्ब लावा. मग परतीच्या वायरच्या मध्ये रबर बँड धरा : बल्ब लागणार नाही. रबर बँडऐवजी दोन्ही टोकं टोकदार केलेली पेन्सिल ठेवा आणि शिशाच्या टोकांना वायर लावा : बल्ब लागेल, पण मिणमिणता. हीच ती चोकची तार! मात्र प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करायचा. घरातल्या प्लगला किंवा मोटारीच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

आणि कधी तुम्हालाही तशी शंका आली, की चूक आपलीच असेल, तर त्या मुलासारखं सांगून टाका. फक्त त्याच्यापेक्षा थोडं लवकर. बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू!