गुरांच्या यादीतली बायको

चोपड्याहून पणजीला कामावर जाताना मांडवी ओलांडली की तिसवाडी बेट लागते. या बेटावरची गोरा शिपाई आणि गोव्याची सुंदरी यांची 'प्रेमकहाणी' कोणी रंगवून सांगू लागला की माझे डोके फिरते!

मंडळी, कागद काय सांगतो ते बघा. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकेर्कने गोवा जिंकला आणि मुसलमानांची कत्तल केली. महिन्याभरात, २२ डिसेंबरला, त्याने राजा मानुएलला कळवले: पकडलेल्या गोऱ्या, देखण्या मुसलमान बायकांशी आपल्या माणसांची लग्ने लावली, नवऱ्यांना घोडा, घर, जमीन आणि गुरे दिली. पुढे मलबारी बायका नकोत असेही त्याने लिहिले. का? तर त्या काळ्या!

मी सरकारी कारकून. यादी कशी वाचावी हे मला शिकवावे लागत नाही. या यादीत घोडा आहे, गुरे आहेत. बायकोचे नाव नाही. तिला कोणी विचारले होते का? ज्यांनी तिची माणसे मारली, त्यांच्यापुढे ती 'नाही' कशी म्हणणार होती?

पुढे काही घरांत माया जुळलीही असेल. त्यांच्या वंशजांना हिणवणे हा तर नीचपणाच. पण म्हणून अल्बुकेर्कला वर्णभेद मोडणारा सुधारक ठरवू नका. त्याला बेटावर टिकणारी वसाहत हवी होती, प्रेम नव्हे.

कादंबरी जरूर लिहा. फक्त ती त्या बाईच्या न नोंदलेल्या नावापासून सुरू करा.