लहान मुलांना भूल देऊन लेझर : धोका किती?

काही बाळांच्या चेहऱ्यावर जन्मतःच लालसर-जांभळा डाग असतो. त्याला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. हजारात साधारण ३ बाळांना तो असतो. तो आपोआप जात नाही, उलट वयानुसार गडद होऊ शकतो. पल्स्ड डाय लेझरने तो फिका होतो, पण त्यासाठी अनेक सिटिंग्ज लागतात. मग दर वेळी पूर्ण भूल द्यायची का?

चिंता कशाची?
डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला : ३ वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा ३ तासांहून जास्त भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. याचा मुख्य आधार प्राण्यांवरचे प्रयोग होते.

मग भूल घातकच का?
नाही. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या ७२२ बाळांवर 'गॅस' नावाची चाचणी झाली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींचा फक्त खालचा भाग बधिर केला. पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. पण ही भूल एकदाच आणि तासाभराहून कमी होती. लेझरसाठी ती पुन्हा पुन्हा लागते, म्हणून हा दिलासा अपुरा आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं?
- डाग लहान आहे, तर भुलीशिवाय जमेल का? तान्ह्या बाळांमध्ये अनेकदा जमतं.
- एकूण किती वेळा भूल लागेल?
- लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का?

डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल, तर लेझरची वाट न पाहता डोळ्यांची आणि मेंदूची तपासणी करून घ्या. तिथे काचबिंदू आणि फिट्सचा धोका असतो.