मुंबईला जायचंय? आधी पंचांग काढा!



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर जवळ आला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. "सुट्टीत कुठं जायचं?" बारामती-इंदापूरकडच्या घरांत त्याची उत्तरंही ठरलेली असतात. मामाचं गाव, जेजुरीचा खंडोबा, फार तर एखादं लग्न. मग घरातलं सगळ्यात धाकटं कुणीतरी ओरडतं, "मुंबई! मला समुद्र बघायचाय!" मोठी माणसं हसतात, "बघू" म्हणतात आणि तो "बघू" पुढच्या वर्षावर जातो.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. मुंबईचा बेत यंदा तुम्हीच आखायचा. एक दोनशे पानी वही घ्या आणि बसा.

बेत म्हणजे काय पाहायचं त्याची यादी, असं पुष्कळांना वाटतं. गेटवे, राणीचा बाग, चौपाटी, झालं! पण यादी कुणीही करील. बेत म्हणजे वेळा जुळवणं. घरच्या माणसांच्या वेळा, गाडीच्या वेळा, ठिकाणांच्या वेळा आणि सगळ्यांत शेवटी समुद्राची वेळ. शेवटी म्हटलं खरं, पण तीच सगळ्यांत पक्की. बाकीच्यांना थोडं पुढंमागं सरकवता येतं. समुद्र कुणासाठी सरकत नाही.

पहिलं पान: घरच्या वेळा

तुमच्या घरी गाई-म्हशी आहेत? मग पहिला प्रश्न गाडीचा नाही, धारांचा आहे. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ धारा कोण काढणार? वैरण कोण टाकणार? नीरा डाव्या कालव्याला उन्हाळ्याचं आवर्तन सुटलं आणि आपली पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवसांत आली, तर उसाला पाणी कोण देणार? घर शहरात असेल, तर बाबांची रजा किंवा दुकानाच्या चाव्या कुणाकडे द्यायच्या, हा प्रश्न असतोच.

याचं उत्तर शेजारी किंवा चुलतघरी मिळतं. पण ते फुकट मिळत नाही, बरं का! "काका, या तीन दिवसांत तुम्ही आमचं बघा, तुम्ही देवाला जाल तेव्हा आम्ही तुमचं बघू," असा शब्द द्यावा लागतो आणि तो पाळावाही लागतो. वहीत तो शब्दही लिहून ठेवा.

आता त्याच पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढं त्याला मुंबईत काय हवं ते लिहा. आजीला मुंबादेवी किंवा सिद्धिविनायक, बाबांना गेटवे, ताईला वस्तुसंग्रहालय, धाकट्याला पेंग्विन. आणि आईला? इथं बहुतेक वह्यांत ओळ कोरी राहते. विचारलंत तर आई म्हणते, "माझं काय, तुमचं होऊ द्या." तेवढ्यावर सोडू नका. दोनदा विचारा, तिनदा विचारा. एक गोष्ट तर तिनं न सांगताही लिहून टाका: तीन दिवस आईनं स्वयंपाक करायचा नाही. पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची. नाहीतर सहल तुमची होते आणि आईचा चुलाच काय तो मुंबईला जाऊन येतो.

दुसरं पान: गाडी आणि पैसा

इथं थोडं गणित आहे. समजा, तुम्ही पाच जण आहात. आजी ७६ वर्षांची, आई, बाबा, चौदा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचे तुम्ही. एसटीनं गेलात तर किती तिकिटं?

पंचाहत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट तर आधीपासूनच आहे. मग आजी शून्य, आई अर्धं, ताई अर्धं, तुम्ही अर्धं आणि बाबा पूर्ण. माणसं पाच, तिकिटं अडीच! आजीचं आधार कार्ड मात्र पिशवीत वरच ठेवा.

रेल्वेचं गणित वेगळं. बारामतीहून दौंडला जाणारा फाटा जुना आहे. तो १९१४ साली अरुंद रुळांवर सुरू झाला, पुढं रूळ रुंद झाले. इंदापूर गावाला स्टेशन नाही, पण तालुक्यात भिगवणचं स्टेशन आहे. दौंडहून मुंबई सुमारे २७० किलोमीटर. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि आरक्षित डब्यात लहान मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण तिकीट पडतं. पण गाडीत आजीला पाय पसरता येतात, स्वच्छतागृह असतं. पैसे वाचवायचे की पाय, हे घरच्यांनी मिळून ठरवावं. एसटीनं जाऊन रेल्वेनं परत येण्याचा मधला मार्गही आहेच.

एक लक्षात ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १० मेची जागा ११ मार्चला! परीक्षेच्या धामधुमीत ती तारीख निसटते. वहीत लाल पेनानं लिहा.

गाडीनं गेलात तर लोणावळ्याला झोपू नका. इंद्रायणी इथंच उगम पावते. ती पुढं भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात, म्हणजे तुमच्या इंदापूरच्या दारात येते. तिथून भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला! घाट उतरलात की पलीकडच्या उल्हास नदीचं पाणी अरबी समुद्राला जातं. तुमच्या गावचं पाणी पूर्वेच्या समुद्राला निघालेलं आणि तुम्ही मात्र पश्चिमेच्या समुद्राला! आहे की नाही गंमत?

तिसरं पान: कुठं, कुठल्या वारी

या पानावर ठिकाणांसमोर वार लिहायचे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. जवळचं नेहरू विज्ञान केंद्र मात्र होळी-दिवाळीसारखे दिवस सोडले तर उघडं असतं. धाकट्याला बुधवारी पेंग्विन दाखवायला नेलंत, तर त्याचं रडणं दिवसभर ऐकावं लागेल!

बाबांच्या आठवणींवरही सगळा भरवसा ठेवू नका. "मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय आहे, मी लहानपणी पाहिलंय," असं ते सांगतील. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आता प्रेक्षकांसाठी बंद आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणाची निघण्याआधी चौकशी करा.

घारापुरीपुढं एक खूण करा. गेटवेहून लाँचनं जायला साधारण तासभर लागतो. लेण्यांतली तीन मुखांची प्रचंड शिवमूर्ती पाहिल्यावर प्रवास वसूल होतो. पण वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. आजीचे गुडघे काय म्हणतात, ते आजीलाच विचारा. आजी नको म्हणाली तर एकानं तिच्याजवळ थांबायचं. कोण थांबणार, तेही घरीच ठरवा. पायऱ्यांशी उभं राहून भांडायचं नाही.

मुंबईकरांच्याही वेळा असतात. सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ लोकलमध्ये कामावरच्या माणसांची गर्दी असते. पिशव्या आणि आजीला घेऊन त्या वेळी लोकलमध्ये शिरू नका. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते प्रत्येक ठिकाणी पोहोचताच ठरवा. बाबांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

चौथं पान: समुद्राची वेळ

तुमच्याकडचं पाणी माणसानं वेळ लावून दिलेलं आहे. धरणाचं दार उघडलं की कालवा वाहतो, बंद केलं की थांबतो. समुद्राचं दार कुणाच्याच हातात नाही. चंद्राच्या ओढीमुळं तो दिवसातून साधारण दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चढला की भरती, उतरला की ओहोटी. दोन्हींमध्ये सुमारे सव्वासहा तासांचं अंतर. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढं जाते. म्हणून आज पाच वाजता चौपाटीवर लांबच लांब वाळू दिसली, म्हणजे पुढच्या आठवड्यातही पाच वाजता दिसेलच असं नाही.

मग आधी कळणार कसं? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहा. किनाऱ्यावरची जुनी माणसं एक हिशेब करतात. तिथीचा आकडा घ्या, तिनानं गुणा, चारानं भागा. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × ३ = १२, भागिले ४ = ३. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. हा अंदाज आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, अष्टमीच्या सुमारास थोडा जास्तही पडतो. निघण्याआधी वर्तमानपत्रातली किंवा फोनवरची नेमकी वेळ पाहून घ्याच.

आता चौपाटीची संध्याकाळ शोधू. अमावस्येला १५ × ३ = ४५, भागिले ४ म्हणजे सव्वाअकरा. दुपारच्या आत मोठी भरती आणि साडेपाचच्या सुमारास ओहोटी. संध्याकाळी मोकळी वाळू! पण आजी म्हणेल, "अमावस्येला घराबाहेर पडायचं नाही." आजीशी वाद घालू नका, द्वितीया घ्या. २ × ३ = ६, भागिले ४ म्हणजे दीड. दुपारी दीडला भरती आणि पावणेआठला ओहोटी. सहाच्या सुमारास पाणी बरंच मागं गेलेलं असतं. अष्टमीला मात्र सहाच्या आसपास भरती, मग वाळू कमीच मिळणार.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती. हाजी अलीच्या दर्ग्याकडे समुद्रातून जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. तिथं जायचं असेल तर हा हिशेब आधी करा.

पाचवं पान: फक्त एक नियम

तुमच्यापैकी पुष्कळ जण विहिरीत सूर मारणारे आहात. कालव्यात पोहणारेही असाल. त्यामुळंच हे पान तुमच्यासाठी आहे. विहिरीचं पाणी जागेवर असतं. कालव्याचं पाणी एकाच दिशेनं जातं. समुद्राची लाट पुढं ढकलते आणि परतताना पायाखालची वाळूच काढून नेते. ओहोटीला तर सगळं पाणीच आत निघालेलं असतं. मोकळी वाळू दिसते ती ओहोटीला, आणि ओढही तेव्हाच असते. विहिरीतला पट्टीचा पोहणारा तिथं फसतो. गिरगावचं पाणी पोहण्याइतकं स्वच्छही नसतं.

म्हणून नियम असा: पाणी घोट्यापर्यंत, तेही मोठ्या माणसाचा हात धरून. जीवरक्षकानं शिट्टी मारली की तत्क्षणी बाहेर. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे रचलेल्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर उतरायचं नाही. फोटोसाठी तर मुळीच नाही. हा नियम वहीत लिहा आणि त्याखाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. बाबांचीसुद्धा!

झाला बेत? मग एक कोडं सोडवा. येत्या सुट्टीत अशी द्वितीया किंवा तृतीया शोधा, की त्या दिवशी सोमवार नाही, बुधवार नाही आणि घरची पाण्याची पाळीही नाही. तो तुमचा चौपाटीचा दिवस. सापडलेली तारीख, तिथी, वार आणि भरतीची वेळ पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. आणि हो, आईच्या ओळीत काय लिहिलंत, तेही नक्की कळवा.