हाताला दोष देऊ नका

बोईसरला खैरा फाटकाजवळच्या माझ्या शिवणवर्गात एक मुलगी तीन आठवडे नेमाने आली आणि चौथ्या आठवड्यात यायची बंद झाली. मी सरावलीला तिच्या खोलीवर गेले. नवरा एमआयडीसीत पाळीवर जातो, हिने घरबसल्या ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावायचा, असं दोघांचं ठरलेलं. कोपऱ्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची, अ‍ॅडॉप्टरवर चालणारी, बाराशे रुपयांची मशीन होती. ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, माझा हातच शिवणाचा नाही. तुमच्याकडे टीप सरळ येते, घरी आले की दोरा गुंततो."

मी त्या मशीनवर बसले आणि वीतभर टीप मारली. चौथ्याच टाक्याला मशीनने टाका सोडला, थोडं पुढे गेल्यावर कापडाखाली जाळी झाली, मग कापड दातांवर जागच्या जागी अडलं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईची ही टीप! ते कापड तिच्या हातात देऊन म्हटलं, "हा बघ माझा हात."

स्वस्त मशीनबद्दल तक्रार केली की लोक लगेच म्हण ऐकवतात: नाचता येईना अंगण वाकडे. ही म्हण मला मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी शेवटी सुईपाशीच संपतात. सुई उलटी बसवलेली असते, पुरती वर सरकवलेली नसते, बोथट झालेली असते, नाहीतर जीनच्या कापडाला अकरा नंबरची लावलेली असते. कधी दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. वरच्या दोऱ्याचा ताण सैल पडला की जाळी खाली दिसते, आणि बायका बिचाऱ्या बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात. हे पहिल्या दिवशीच शिकवायला हवं, आणि मी शिकवते. पण सुई बदलून, दोरा पुन्हा ओवून, तेल घालूनही टाका सुटत राहिला, तर मात्र अंगण तपासायला हवं. म्हणीत ते वाकडं नसेल, पण बाजारात वाकडी अंगणं खरोखरच विकली जातात.

टाका पडतो कसा ते बघा. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. तळ गाठून ती दोन-अडीच मिलिमीटर वर उठते न उठते तोच तिच्या मागे दोऱ्याचा एक बारीकसा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक फासात शिरतं, त्याला ओढून बॉबिनभोवती फिरवतं आणि वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकतो. शटलचं टोक सुईला जवळजवळ घासूनच जावं लागतं, मध्ये जेमतेम कागद मावेल. अमेरिकेत एलियास हाऊला 1846 मध्ये पेटंट मिळालं ते या दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं, आयझॅक सिंगरला त्याच्या सुधारलेल्या मशीनचं 1851 मध्ये. आजही टाका त्याच तत्त्वावर पडतो. मात्र स्वस्ताईसाठी बिडाच्या जड अंगाच्या जागी पातळ प्लॅस्टिक आलं आणि पोलादाच्या जागी नरम धातूचे ओतीव भाग. थोड्याच दिवसांत सुईची दांडी डुगडुगायला लागते, स्क्रूचे आटे झिजतात. केसभर ढिलाई आली की शटल फासाला चुकतं आणि टाका गेला. यात त्या मुलीचा हात येतो कुठे? आमच्या चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या हवेत वरचा पातळ मुलामा किती टिकतो, ते एक पावसाळा सरला की दिसतंच.

दुसरं म्हणणं शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच ते जास्त नुकसान करतं. शिकण्यापुरती साधी मशीन पुरे, हात बसला की चांगली घ्या, असं आई-वडील म्हणतात, दुकानदार म्हणतो, शिवणवर्ग चालवणाऱ्या माझ्यासारख्या कित्येक बायकाही म्हणतात. मी स्वतः अनेक वर्षं हेच सांगत आले आणि ते चूक होतं. जुन्या शिंप्याला रद्दी मशीन दिली तर तो तिच्याकडून काम काढून घेईल. कुठे हलक्या हाताने धरायचं, कुठे कापड मागून किंचित ओढायचं, आवाज बदलला की कधी थांबायचं, हे त्याच्या बोटांना कळतं. नव्या मुलीला आपली चूक कोणती आणि मशीनची कोणती हेच उमगत नाही. त्यामुळे मशीनची प्रत्येक चूक ती स्वतःच्या नावावर लिहून घेते. सातपाटीचा कोळी पोराला दर्याची ओळख करून द्यायला गळकी होडी काढत नाही. धडधाकट होडी काढतो, कारण पोराचं लक्ष वाऱ्याकडे आणि पाण्याकडे राहायला हवं, तळातलं पाणी उपसण्याकडे नव्हे. म्हणजे घरातली चांगली मशीन आधी शिकणारीच्या हाती द्यायला हवी.

आता परवडण्याचं. गरिबाला जे परवडतं तेच तो घेणार, त्याला मोठ्या गोष्टी सांगू नका, असं मला एकदा बचत गटाच्या बैठकीतच ऐकवलं गेलं. मी तिथेच हिशेब मांडला. बाराशेची मशीन सहा महिन्यांत बंद पडते, तिचे सुटे भाग मिळत नाहीत आणि मेकॅनिक तिला हात लावत नाही. त्यात एका गिऱ्हाइकाच्या साडीतला ब्लाउजपीस दातांखाली फाटला, तर भरपाई द्यावी लागते आणि गिऱ्हाईक जातं ते वेगळंच. एवढं सोसून बाई पुन्हा दुसरी बाराशेची घेते. चांगली मशीन एकरकमी परवडत नाही हे खरं, पण म्हणून वाईट घ्यायची हे उत्तर कुठून आलं? सिंगर कंपनीने 1856 च्या सुमाराला अमेरिकेत हप्त्यांची पद्धत सुरू केली, ती घरोघरच्या बायकांना महागडी मशीन एका दमात घेता येत नव्हती म्हणूनच. मशीन होती तशीच राहिली आणि पैसे तेवढे हप्त्याहप्त्याने आले. आपल्या बचत गटांचं अंतर्गत कर्ज नेमकं हेच काम करू शकतं, आणि काही ठिकाणी करतंही.

इथे मला गांधीजी आठवतात. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या या माणसाने 1924 साली एका संवादात शिलाई मशीनला अपवाद केलं होतं. बायकोला हाताने टाके घालत शिणताना पाहून सिंगरने प्रेमापोटी ती बनवली, अशी त्यांची समजूत होती. गोष्टीतला सिंगर बाजूला ठेवा, त्यांची कसोटी मला मोलाची वाटते. जे यंत्र माणसाचे कष्ट खरोखर वाचवतं ते हवं. टीप मारायला पाच मिनिटं आणि ती उसवायला पाऊण तास लावणारी मशीन या कसोटीला उतरत नाही.

तयार कपड्यांच्या काळात शिवणार कोण, असंही विचारतात. विचारणाऱ्यांनी लग्नसराईत बोईसरच्या कुठल्याही ब्लाउजवालीकडे तारीख मागून बघावी.

सरकारी आणि देणगीच्या मशिनींबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आमच्या जिल्ह्यात गरजू बाईला काय द्यायचं असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं: शिलाई मशीन द्या. देणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही. पण वाटपाच्या दिवशी किती मशिनी दिल्या ते मोजलं जातं, वर्षभराने त्यातल्या किती चालतात ते कोण मोजतं? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर शटल अडकलं तर बाईने कुणाकडे जायचं? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतच्या ई-व्हाउचरची तरतूद आहे. एवढ्या रकमेत दणकट मशीन येते. मग ती बाईला चालवून, पारखून निवडू द्या. 2024 मध्ये राज्याने शाळांच्या गणवेशाची शिलाई बचत गटांकडे सोपवली तेव्हा स्काउट-गाइड गणवेशासाठी शिलाईचे 100 आणि इतर खर्चाचे 10 असे 110 रुपये ठरवले होते. या दरात चार पैसे सुटायचे तर मशीन न अडता पळायला हवी, प्रत्येक अडलेला तास थेट मजुरीतून कापला जातो. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या 'मोफत शिलाई मशीन'च्या लिंकना भुलून कागदपत्रं देऊ नका. असे संदेश खोटे असल्याचं केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलेलं आहे.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर आहे, जुनी, काळी, बिडाच्या स्टँडची, पायाने चालणारी मशीन. घराघरांत ती माळ्यावर किंवा टीव्हीखाली पडून असते. पट्टा, शटल, बॉबिन केस, टेन्शनची स्प्रिंग, सगळं आजही मिळतं आणि मेकॅनिक तिला ओळखतो. घेताना हातचाक सावकाश फिरवा, कुठे अडतं का, खरखरतं का ते ऐका. सुईची दांडी चिमटीत धरून हलवा. मग मलमलवर एक आणि जीनच्या चार पदरांवर एक अशी टीप मारा. नवी घ्यायची असेल तरी हेच करा, न चालवता घेऊ नका, पक्कं बिल घ्या आणि दुकानदाराने हात वर केले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

त्या मुलीसाठी चिंचणीच्या एका घरातून अशीच एक मशीन मिळाली. मालकीणबाईंच्या सासूबाई तिच्यावर शिवायच्या. दोन दिवस रॉकेल-तेलात भिजवून तिचा गंज काढला, पट्टा आणि शटल नवं घातलं. पहिल्या दिवशी तिने परकर शिवला. घेराची लांबलचक टीप एका दमात मारली आणि उलटून खालची बाजू बघितली, मग पुन्हा वरची बघितली.

"ताई, हिच्यावरही टाका सुटला तर?"

"तर आधी सुई बघायची," मी म्हटलं.