पनवेल-कर्जत लोकल: सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासायला किती वेळ लागतो?

पनवेल-कर्जत लोकल कधी धावणार, हा कर्जत-खालापूरकरांचा नेहमीचा प्रश्न. २९.६ किमीचा मार्ग आणि २,६२५ मीटरचा वावर्ले बोगदा यांची चर्चा भरपूर होते. पण एक काम फोटोत दिसत नाही. ते म्हणजे सिग्नलच्या सॉफ्टवेअरची तपासणी. त्याचा वेळ मोजतात कसा?

तपासतात काय?
सिग्नल आणि रुळांचे सांधे यांचा मेळ इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग घालतं. एका गाडीला दिलेला मार्ग दुसरीला मिळू नये, ही त्याची जबाबदारी. सॉफ्टवेअर न चालवता, कोड आणि तक्ते वाचून चुका शोधणं म्हणजे स्टॅटिक टेस्टिंग.

हिशेब कसा?
आयबीएमचे मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. काळजीपूर्वक वाचनाचा वेग तासाला साधारण १०० ते १५० ओळी धरतात. एक उदाहरण पाहू.

- समजा, कोड ६,००० ओळींचा आहे. ताशी १०० ओळींनी बैठकांना ६० तास लागतील.
- चार जण बसले तर २४० मनुष्यतास.
- पूर्वतयारीला तेवढेच धरले तर एकूण ४८०, म्हणजे ६० मनुष्यदिवस.
- दुरुस्ती आणि फेरतपासणी वेगळी.

टूल वापरलं तर?
टूल काही मिनिटांत इशारे देतं, पण त्यातले बरेच खोटे निघतात. ६०० इशारे, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे १०० तास माणसाचेच.

कर्जतला वेळ जास्त का?
मूळ सॉफ्टवेअर एकदा तपासलं तरी प्रत्येक स्थानकाचा तक्ता वेगळा असतो. चौकसारख्या मधल्या स्थानकावर गाड्यांचे मार्ग मोजके. कर्जतला मात्र मुंबई, पुणे, खोपोली आणि पनवेल अशा चार दिशा एकत्र येतात. तिथे अंदाज किलोमीटरवर नाही, तर मार्गांच्या संख्येवर बांधावा लागतो.

घाई केली तर?
२ जून २०२३ च्या बालासोर अपघातात २९० हून अधिक बळी गेले. तिथे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेले बदल चुकीचे होते, असं रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळलं. धडा मात्र तोच. बदल छोटा असला म्हणून तपासणी छोटी होत नाही.

थोडक्यात
प्रवासी सेवेआधी याच सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. त्यामुळे उद्घाटनाची तारीख ठरवून उरलेल्या दिवसांत तपासणी बसवणं धोक्याचं. आधी तपासणीचे दिवस मोजायचे, मग तारीख.