जिमखान्याचे सरपण

दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी आमच्या जिमखान्याची खोली साफ होते. यंदा त्या कामाला मीही होतो. फुटलेल्या बॅटी, चिरफळलेल्या हॉकी स्टिका, टोक तुटलेले स्टंप असा सारा ढीग शिपाईमामांनी मागच्या भिंतीशी रचला आणि संध्याकाळपर्यंत त्यातला निम्मा कॅन्टीनच्या बंबात गेला. कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. कदाचित मलाही वाटले नसते. पण माझे वडील कातारी आहेत.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. प्रवेश-अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी दोन्ही वेळा ‘धंदा’ असे मोघम लिहिले आहे. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब यांवर माझी फी भरली जाते, हे लिहायला रकान्यात जागा होती. माझ्या मनात नव्हती. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मी लेथजवळ गेलो की अण्णा म्हणायचे, “तू लांबच रहा. कपड्यांना भुसा लागेल.”

त्या ढिगातली एक बॅट मी घरी नेली. मधोमध चीर गेलेली, पण लाकूड पांढरे आणि हलके. म्हटले, हिचे काहीतरी कातून घ्यावे. अण्णा जेवायला गेले असताना मीच ती कापून लेथवर चढवली. मोटार सुरू केली, पटाशी टेकवली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा एक तुकडा उडून माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. आवाज ऐकून अण्णा उष्ट्या हाताने धावत आले. मला वाटले, आता खैर नाही. त्यांनी लेथ बंद केला, उरलेला तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, “अरे, फुटलेल्याला आधी विचारायचं, कुठं कुठं दुखतंय.”

त्या दिवसापासून मी शिकायला लागलो. आमच्या अभ्यासक्रमात नसलेला हा विषय किती खोल आहे, ते मला मित्रांना सांगावेसे वाटते.

परदेशात मोडक्या क्रीडासाहित्यापासून वस्तू कातण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. अमेरिकेत फुटलेल्या बेसबॉल बॅटींची पेने होतात, बोलिंगच्या पिनांपासून लहानसहान वस्तू निघतात. त्यांचे पाहून आपणही तसेच करावे असे कोणी म्हणेल. पण बेसबॉलची बॅट मुळातच लेथवर कातलेली, गोल आणि एकसंध असते. ॲश किंवा मेपलचे कठीण लाकूड. ती पुन्हा लेथवर गेली तर माहेरीच गेली म्हणायची. आपली क्रिकेटची बॅट तशी नाही. तिचे पाते रंध्याने आणि वाकसाने घडवलेले. ते विलोचे, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या भाऊबंदाचे. दांडा वेताच्या पट्ट्यांचा, पट्ट्यांमध्ये रबर, आणि तो पाचरीसारखा पात्यात बसवून सरसाने जोडलेला. असा दांडा लेथवर लावाल तर वेत एकीकडे, रबर दुसरीकडे! शिवाय चेंडूचा मार सोसावा म्हणून पाते यंत्राने दाबलेले असते; वरचा थर कठीण, आत मऊ. त्यात जवसाचे तेल मुरलेले. आणि गल्लीतल्या कोणी हौशी सुताराने कधी काळी ठोकलेला एखादा खिळा आत लपला असेल, तर पटाशीची धार गेलीच.

नियमाप्रमाणे पात्याची रुंदी 10.8 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते आणि जाडी, तीही पाठीच्या उंचवट्यावर, फार तर 6.7. टोकाकडे ती उतरत जाते. म्हणजे निरोगी जागा ओंजळभर. मऊ विलोचा भोवरा केलात तर आरेशी फुटेल. लाटणे केलेत तर कणकेला वजनच लागणार नाही. मग करावे काय? अण्णांनी पात्याचा तुकडा बोटावर तोलून म्हटले, “हा तर पांगाऱ्यासारखा आहे.” सावंतवाडीची लाकडी खेळणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. तीही हलक्या लाकडाचीच. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर चढते. वरून केवड्याची पात फिरवली की तकाकी येते. तेलकट थर कातून टाकला की विलोही लाख धरतो. माझ्या उडालेल्या बॅटीच्या उरल्या भागातून तीन बाहुल्या निघाल्या. एक जरा कलती आहे, ती मी केलेली.

हॉकी स्टिकची जात वेगळी. जुन्या लाकडी स्टिका तुतीच्या. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे हा धंदा वाढला. भारताने 1928 ते 1956 पर्यंत ऑलिंपिकमध्ये ओळीने सहा सुवर्णपदके मिळवली, ती लाकडी स्टिकांनीच. आज वरच्या दर्जाच्या खेळात कार्बन आणि काचतंतूच्या स्टिका आहेत. लाकडी राहिल्या आमच्यासारख्यांच्या जिमखान्यात. वाफ देऊन वाकवलेले टोक लेथच्या कामाचे नाही. तिथे रेषाही वळलेल्या असतात. वरचा दांडा वेताचा. मधला सरळ भाग तेवढा आपला. स्टिक 5.1 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून जावी असा नियम आहे, म्हणून जाडीची हाव धरू नये. पण तुती चिवट. खुरप्याला, विळ्याला, पटाशीला अशी मूठ बाजारात मिळणार नाही.

काही वस्तू मात्र कातू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तालमीतली मुद्गलांची जुनी जोडी कोणी शोभेच्या दिव्यासाठी कापू लागला, तर मी आडवा पडेन. ती अजून फिरवता येते. (हाच आपला मुद्गल फिरवण्याचा प्रकार 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये होता, हे किती जणांना ठाऊक आहे?) आणि बॅटीच्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या करण्याचा माझ्या एका मित्राचा बेतही मला पटलेला नाही. त्यासाठी कुठलेही लाकूड चालते, विलोच कशाला?

माझी सूचना साधी आहे. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. तिथे खुरप्यांच्या मुठी निघालेल्या असतात, आणि त्या गावात बालवाडीही असते. स्टिकांच्या मुठी आणि बॅटींची खेळणी तिकडे जावीत. कोणी म्हणेल, कातारी फुकट करून देईल का? नाही देणार. अण्णांना विचारले, तर त्यांनी लगेच नगामागे मजुरी सांगितली आणि लाखेचे पैसे वेगळे. मला आधी ते अवघड वाटले. कॉलेजचे काम, पैसे कसे मागायचे? पण ढाली आणि हार विकणाऱ्या दुकानदाराला आपण असे कधी विचारत नाही. ज्याला दर वर्षी बिल देतो तो ‘विक्रेता’ आणि ज्याच्याकडून फुकट अपेक्षा करतो तो ‘कारागीर’, हा हिशेब मला तरी कळत नाही.

शिल्लक राहिलेल्या सात बॅटी आणि पाच स्टिका मी शिपाईमामांना सांगून ग्रंथालयाच्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. जिमखान्याच्या सरांनी सुटी लागण्यापूर्वी त्यांचे काय ते ठरवावे. पावसाळ्यात तिथे पाणी शिरते.