शिष्यवृत्ती मिळेल, मार्गदर्शक कोठे?

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि २००९ नंतर प्रथमच भारताने याबाबतीत चीनला मागे टाकले. या आकड्याचे कौतुक झाले, ते स्वाभाविकही होते. परंतु या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण संगणकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकी या शाखांचे आहेत. आंतरराष्ट्रीय संबंध, परराष्ट्रनीती किंवा एखाद्या देशाचा सखोल अभ्यास करण्यासाठी बाहेर पडलेला विद्यार्थी या गर्दीत शोधावा लागतो. जागतिक व्यवहारात मानाचे स्थान मागणाऱ्या राष्ट्रात जगाचा अभ्यास करणारे तरुण इतके विरळ असावेत, ही विसंगती गंभीर आहे.

ही गरज आपल्याकडे कोणाला उमगलीच नव्हती, असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी, १९४३ मध्ये, जागतिक घडामोडींच्या अभ्यासासाठी इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही संस्था उभी राहिली. तिच्याच पुढाकाराने १९५५ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय अध्ययनाची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अध्ययन केंद्र आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांचे वर्ग चालतात. पाया घातला गेला, मात्र त्यावर इमारत उभी राहिली नाही.

अशी गुंतवणूक राष्ट्राला काय देते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. वसंत वासुदेव परांजपे हे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात चिनी भाषा शिकण्यासाठी गेले. चीनमधील सत्तांतर त्यांनी तेथे राहून पाहिले. १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले, तेव्हा चिनी नेत्यांशी झालेल्या संभाषणात दुभाष्याचे काम परांजपे यांच्याकडे होते. पुढे ते राजदूतपदापर्यंत पोहोचले. एका तरुणाला दिलेल्या काही वर्षांच्या शिष्यवृत्तीची परतफेड देशाला अनेक दशके मिळत राहिली. परंतु असे परांजपे किती घडले, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही.

अन्य राष्ट्रे याबाबतीत योगायोगावर विसंबून राहत नाहीत. अमेरिकेने १९९१ मध्ये कायदा करून अशी योजना आखली की, राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या भाषा शिकण्यासाठी तेथील विद्यार्थ्याला सरकारी खर्चाने परदेशी पाठवावे आणि त्याने परतल्यावर काही काळ शासकीय सेवा करावी. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे विद्यार्थी तर मराठी शिकण्यासाठी थेट पुण्यात येऊन राहतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयालाही हे तत्त्व मान्य आहे. सेवेत निवडल्या गेलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक परकीय भाषा दिली जाते आणि ती आत्मसात करण्यासाठी बहुधा त्या भाषेच्या देशातच पाठवले जाते. मात्र हे अधिकारी हजाराच्या आसपास. विद्यापीठे, वृत्तपत्रे, उद्योगसंस्था आणि संशोधनसंस्था यांना लागणारी माणसे कोण तयार करणार?

आज एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी राज्यशास्त्रात एम. ए. करणारा विद्यार्थी भारत-म्यानमार संबंधांवर प्रबंधिका लिहितो, तेव्हा त्याच्यासमोर असतात ती लंडन वा वॉशिंग्टन येथे लिहिलेली इंग्रजी पुस्तके. ब्रह्मी भाषेतील वृत्तपत्र त्याला वाचता येत नाही, यांगून त्याने पाहिलेले नसते. शेजारच्या देशाकडे तो सातासमुद्रापलीकडच्या चष्म्यातून पाहतो. हा दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे. त्याला कोणी वाट दाखवलेली नसते.

यावर नेहमीचे उत्तर असते, पैसा नाही. ते अर्धसत्य आहे. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस, ब्रिटनची चिव्हनिंग, अमेरिकेची व भारताची संयुक्त फुलब्राइट-नेहरू, जर्मनीची डाड, जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मेक्स्ट, कोरिया सरकारची शिष्यवृत्ती, चिनी भाषेसाठी तैवानची हुआयू अशा कितीतरी योजना भारतीयांना खुल्या आहेत. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. खुद्द परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिप योजनेत आकांक्षित जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचा विशेष विचार होतो आणि महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली व धाराशिव हे चार जिल्हे त्या यादीत आहेत. गडचिरोलीच्या किती महाविद्यालयांत ही माहिती पोहोचली असेल?

खरी अडचण येथे आहे. चिव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, हे पदवीच्या पहिल्या वर्षी कळले तर विद्यार्थी त्याप्रमाणे आखणी करतो. पदवी हाती आल्यावर कळले, तर उमेदीची वर्षे वाया जातात. जपानच्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी अभ्यासाचा नेमका आराखडा मांडावा लागतो आणि तो एका रात्रीत लिहून होत नाही. महानगरातील मोजक्या महाविद्यालयांत हे ज्ञान एका तुकडीकडून दुसरीकडे आपोआप जाते. जिल्ह्याच्या गावी त्याची जागा दलाल घेतो. तो विद्यार्थ्याला कोणत्या देशाचा अभ्यास करायचा आहे हे विचारत नाही. कोणत्या विद्यापीठाकडून आपल्याला दलाली मिळते, एवढेच पाहतो. मग घर गहाण पडते आणि हाती येते ती नाव नसलेल्या संस्थेची पदवी.

मार्गदर्शक काय करू शकतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत दिसते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीने बोटीचे भाडे आणि राहण्याची सोय झाली. विद्वत्तेला दिशा देण्यात प्रा. सेलिग्मन यांच्यासारख्या गुरूंचा वाटा होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना होती. त्याआधी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला लंडनच्या प्रा. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्यात आपल्या शिष्याशी असलेले मतभेदही मोकळेपणाने नोंदवले. गुरूने शिष्याला आपला चष्मा चढवला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचे बळ दिले.

परदेशी शिकायला गेलेला तरुण तेथलाच होऊन जातो, किंवा परतला तरी स्वदेशाकडे परक्या नजरेने पाहू लागतो, अशी शंका अनेक कार्यकर्त्यांच्या मनात असते. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय दार लावून घेणे हा नव्हे. स्वदेशाचा इतिहास, भूगोल आणि हितसंबंध ज्याला ठाऊक नाहीत, तो कोठेही गेला तरी दुसऱ्याचे सिद्धांत पाठ करूनच येणार. ज्याची तयारी पक्की आहे आणि ज्याच्याशी सतत संवाद ठेवणारे कोणी मायदेशी आहे, तो परक्या ग्रंथालयातूनही स्वतःचे प्रश्न घेऊन बाहेर पडतो. म्हणजे शंकेचे उत्तरही पुन्हा मार्गदर्शनातच आहे.

मग हे मार्गदर्शक आणावयाचे कोठून? ते आपल्यातच आहेत. निवृत्त राजदूत, विदेशांत लष्करी प्रतिनिधी म्हणून काम केलेले सेनाधिकारी, व्यापारानिमित्त वर्षानुवर्षे आफ्रिकेत वा आखातात राहिलेले उद्योजक महाराष्ट्रातील अनेक शहरांत आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणेशोत्सव आणि दिवाळी उत्साहाने साजरी करणाऱ्या या मंडळांनी दरवर्षी पाच विद्यार्थ्यांचे पालकत्व पत्करले, तर त्यांच्या कार्याला नवे परिमाण लाभेल. मॉरिशसमध्ये मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत अजूनही मराठी बोलली जाते. हिंदी महासागराचा वा पश्चिम आशियाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला याहून आपुलकीचे दार कोणते मिळणार?

विद्यापीठांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठाशी करार करून अभ्यासक्रमाचा काही भाग तेथे पूर्ण करता येतो. या तरतुदीचा विचार करताना आपली नजर पश्चिमेकडेच का जावी? काठमांडू, कोलंबो, हनोई, जकार्ता, ताश्कंद येथे काढलेले एक सत्र तुलनेने कमी खर्चाचे असते आणि भारताच्या दृष्टीने अधिक मोलाचे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक शेजारी भाषा अनिवार्य करण्यास तर विमानाचे तिकीटही लागत नाही.

पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुलामुलींना चार प्रश्न विचारावेत. कोणत्या देशाचा किंवा विषयाचा अभ्यास करणार? त्यासाठी कोणती भाषा शिकणार? तेथे कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करणार? आणि परतल्यावर हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडणार? यांची उत्तरे तयार असतील तर खर्च सार्थकी लागेल. नसतील तर आणखी एक वर्ष तयारीला देण्यात कमीपणा नाही.

शिष्यवृत्तीचा धनादेश सरकार देऊ शकते, परकी सरकारेही देतात. होतकरू विद्यार्थ्याच्या अर्जावरून नजर फिरवणे, त्याला दोन पुस्तके सुचवणे, परदेशातील पहिल्या एकाकी हिवाळ्यात त्याच्याशी फोनवर बोलणे, ही कामे मात्र समाजालाच करावी लागतात. आपल्या गावातून जगाच्या अभ्यासासाठी निघालेल्या पहिल्या मुलीच्या किंवा मुलाच्या मागे कोण उभे आहे, याची चौकशी प्रत्येक गावातील जाणत्यांनी या वर्षी तरी करावी.